सचिनच्या वाटेवरचा भाला

वारशाने आलेला भाला आफ्रिकेतला आहे का, हे ठरवण्याआधी तो भारतातला नाही एवढे तरी पक्के करावे लागते. सुरतेच्या दक्षिण अंगाला नेमकी हीच पायरी गाळली जाण्याचा संभव अधिक, कारण तिथे उत्तर हाताशी तयार असते. उधना, पांडेसरा, भेस्तान मागे टाकून मुंबईच्या रेल्वेमार्गाने निघाले की सचिन लागते. पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या गिरण्यांपासून ते जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. आज तिथेही औद्योगिक वसाहत आहे. पण १७९१ ते १९४८ या काळात सचिन हे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी नवाबांचे संस्थान होते. घरात काळपट पात्याचा, अनोळखी घडणीचा भाला असला की त्याला 'हबशाचा' किंवा 'नवाबाकडचा' म्हणायला एवढा शेजार पुरतो.

या संस्थानाची जन्मकथा मराठी इतिहासाला जवळची आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यात वारसाहक्काचा तंटा पेटला आणि अब्दुल करीम याकूत खान ऊर्फ बाळूमियाँ हा दावेदार पुण्याला पेशव्यांच्या आश्रयाला आला. १७९१ च्या करारात त्याने जंजिऱ्यावरचा हक्क सोडायचा आणि बदल्यात सुरतेजवळचा मुलूख घ्यायचा, असे ठरले. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही. बाळूमियाँला मात्र सचिन मिळाले. सुरतेला सिद्दी नवे नव्हतेच. सतराव्या शतकात मोगलांनी आपल्या आरमाराचे काम जंजिऱ्याच्या सिद्द्यांवर सोपवले, तेव्हापासून त्यांची जहाजे सुरतेच्या बंदरात नांगर टाकत. अठराव्या शतकात सुरतेचा किल्लाही त्यांच्या ताब्यात होता. तो इंग्रजांनी १७५९ मध्ये घेतला.

सिद्द्यांचा आफ्रिकेशी संबंध निर्विवाद आहे. सिद्द्यांच्या घरातला भाला आफ्रिकेतून आला, हे मात्र त्यातून निघत नाही. हबसाण म्हणजे इथियोपिया आणि आफ्रिकेचा पूर्व किनारा इथून पश्चिम भारतात आलेली बहुतेक माणसे गुलाम म्हणून विकली गेली होती, आणि गुलाम हातात भाला घेऊन जहाजात चढत नाही. इथे आल्यावर जे शिपाई झाले त्यांना शस्त्रे इथल्या मालकांनी दिली, इथल्या लोहारांनी घडवली. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर (मृत्यू १६२६) इथियोपियातून गुलाम म्हणून आला होता. दख्खनी चित्रांत त्याच्या हाती दिसते ती दख्खनची तलवार. त्याच्या चित्रांत भाला येतो तो एकदाच ठळकपणे, आणि तोही जहांगिराच्या चित्रकाराने काढलेल्या प्रसिद्ध चित्रात: बादशहा धनुष्य ताणून उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर अंबरचे छिन्न शिर आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही. राग चित्रात काढलेला आहे.

आफ्रिकेतून खरोखर काय टिकले, हे भरूच जिल्ह्यात रतनपूरजवळच्या बावा गोर दर्ग्यावर पाहायला मिळते. सिद्द्यांचे गोमा किंवा धमाल नृत्य, स्वाहिली 'ङोमा' या ढोलवाचक शब्दाशी नाते सांगणारे त्याचे नाव, आणि मलुंगा हे तुंबा बांधलेले एकतारी धनुर्वाद्य. याच घराण्यातले वाद्य अटलांटिकपलीकडे ब्राझीलमध्ये बेरिंबाऊ नावाने वाजते. ताल आणि सूर डोक्यात राहतात, वाद्य कुठल्याही गावच्या बांबूतून पुन्हा करता येते. भाल्याला लोहार लागतो, आणि लोहार इथला होता. नाशिकच्या शरणपूरची गोष्टही याच बाजूची साक्ष देते. इंग्रज आरमाराने अरबी गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या मिशनच्या आश्रयगृहात ठेवली जात आणि त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात सामील झालेले 'नासिक बॉईज' इथले. ही मुले नाशिकला ऐरणीशी बसली. पण ती जे शिकली ती मिशनची कारागिरी होती.

तेव्हा सचिनचे नाव निघाले तरी आधी पाते आणि दांड्याचा जोड पाहावा.

मराठी मुलखात भाल्याच्या घराण्यातले बरेच भाऊबंद आहेत. बरची हलकी, सांग म्हणजे बहुधा अखंड लोखंडाची, चिलखत भेदण्यासाठी टोकाशी चौधारी किंवा तीनधारी केलेली, विटा म्हणजे दोरी बांधून फेकायचा आणि परत ओढायचा भाला. दख्खनी भाल्याचे पाते बहुधा निमुळते आणि जाड असते, मधला कणा उंच असतो, आणि पात्याच्या खालची नळी लोहाराने पूर्ण बंद करून, पैलू पाडून, कधी गाठी-कडी काढून सजवलेली असते. तिच्यावर चांदीचे किंवा पितळेचे कोफ्तकाम असेल तर आफ्रिकेचा विचार जवळपास सोडून द्यावा. इंग्रजी अमदानीतल्या घोडदळाच्या भाल्याचा दांडा भरीव बांबूचा असे आणि त्याच्या पोलादी टोकावर किंवा बुडाच्या शेंबीवर सरकारी छाप ठोकलेला असे. पांडेसऱ्यात आणि शेजारच्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या घरचा जुना भाला असेल तर सातपुड्याचा भिल्ली भाला किंवा १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रमने उभ्या केलेल्या खानदेश भिल्ल पलटणीच्या काळातले शस्त्र, या शक्यता आफ्रिकेच्या आधी तपासायला हव्यात. दांडा बांबूचा असणे हीही भारताकडे झुकणारी खूण आहे. इथियोपियात बांबूचे दांडे आढळतात, म्हणून ती निर्णायक मानता येत नाही, इतकेच.

आफ्रिकी पात्यांत दोन खुणा वारंवार दिसतात. पहिली नळीची. पत्रा गुंडाळून केलेल्या नळीच्या कडा पुष्कळदा डाख न लावता नुसत्या जवळ आणून सोडलेल्या असतात, त्यामुळे एका बाजूला लांबट फट राहते. दुसरी खूण पात्याच्या छेदात असते. पाते आडवे धरून टोकाकडून पाहिले, तर एका बाजूचा अर्धा भाग किंचित खोलगट आणि दुसरा किंचित फुगीर दिसतो. पाते उलटवले की खोलगटाच्या पाठीमागे फुगीर येतो. मधला कणा अशा रीतीने नागमोडी छेदातून निघतो. पाते पातळ ठेवूनही ते वाकू नये, यासाठी लोहाराने केलेली ही युक्ती मध्य आफ्रिकेत, युगांडा आणि दक्षिण सुदानच्या बाजूला विशेष आढळते. दख्खनी लोहार हेच काम जाड कण्याने साधत असे. या दोन्ही खुणा हाताला कळतात, त्यासाठी उपकरण लागत नाही.

मुलूख ठरवताना सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत फसवा, भाला मसाई लोकांचा. केनिया आणि टांझानियातल्या या पशुपालकांच्या तरुण लढवय्याचा भाला तीन भागांचा असतो: वर लांबलचक पाते, मध्ये मूठभर लाकूड, खाली जवळजवळ पात्याएवढाच लांब लोखंडी गज. गज जमिनीत रोवला की भाला उभा राहतो आणि हातात धरला की तोल साधतो. लाकडाचा भाग इतका आखूड असतो की भाला जवळजवळ लोखंडाचाच वाटतो. १८८३-८४ मध्ये मसाई मुलखातून गेलेल्या जोसेफ थॉमसनने वर्णन केलेली पाती रुंद होती. विसाव्या शतकात ती अरुंद आणि अधिक लांब होत गेली. पात्याची रुंदी ही इथे काळाची खूण ठरते. मात्र प्रौढांचा भाला वेगळा, आखूड पानाचा असे, आणि सांबुरू, किकुयु या शेजाऱ्यांनीही मसाई घडण उचलली होती. त्यामुळे नुसते 'मसाई' म्हणण्यापेक्षा 'मसाई पद्धतीचा' म्हणणे अधिक प्रामाणिक. टोकावर शहामृगाच्या काळ्या पिसांचा गोंडा चढवला की भाला शांततेसाठी आणला आहे, असा अर्थ होई. गोंडा टिकलेला नसतो, पण क्वचित त्याची कातड्याची खोळ टोकाला उरलेली सापडते.

झुलू भाला या सगळ्याच्या उलट आहे. त्याला नळी नसते. पात्याच्या बुडाचा टोकदार खुंट लाल तापवून दांड्यात जाळत घुसवला जाई आणि सांध्यावर ओल्या कातड्याची पट्टी, वासराच्या शेपटीची सोललेली नळी किंवा विणलेली पट्टी चढवली जाई. वाळताना ती आवळून बसे. हाताने भोसकायच्या इक्ल्वा भाल्याचे पाते रुंद, दांडा आखूड. फेकायच्या इसिजुलाचे पाते लहान आणि त्याच्या खाली लोखंडाची लांब, बारीक मान. इक्ल्वाचा जनक झुलू राजा शाका (मृत्यू १८२८) होता असे परंपरा मानते. भोसकून उपसताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडले, असेही सांगतात. युरोपीय पुस्तकांत या दोन्हींना 'असेगाई' म्हटलेले आढळते. तो शब्द मुळात उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांचा, अरबीतून पोर्तुगीजांकडे गेलेला आणि त्यांनी दक्षिणेत नेलेला. झुलूंचा स्वतःचा शब्द उमखोंतो. वस्तूबरोबर आलेल्या चिठ्ठीवर कोणता शब्द लिहिला आहे, यावरून ती चिठ्ठी कोणाच्या हातची, एवढे तरी कळते.

सुदानी भाल्याबाबत भारतात एक खास घोटाळा होतो. लाल समुद्राकाठच्या हदेंदोवा आणि इतर बेजा लोकांचे भाले रुंद पानाचे असतात, नळी लांब असते आणि दांड्याच्या बुडाला तोल साधण्यासाठी लोखंडी तार किंवा पट्टी सर्पिलासारखी गुंडाळलेली असते. १८८१ ते १८९८ या महदी राजवटीतल्या बऱ्याच पात्यांवर आम्लाने खाऊन काढलेली अरबी अक्षरे असतात. ती सुलुस वळणाची, धार्मिक वचनांची, पण एकमेकांत इतकी गुंतलेली की वाचणारा अडखळतो. भारतात अरबी अक्षरे दिसली की शस्त्र मोगलांचे किंवा निजामाचे ठरवण्याची घाई होते. मोगल शस्त्रांवरचा लेख सोन्याने भरलेला किंवा कोरलेला, वाचता येईल असा आणि बऱ्याचदा फारसीत असतो. आम्लाने उठवलेला, अख्खे पाते झाकणारा लेख सुदानकडे बोट दाखवतो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात होते. तुआरेगांचा अल्लाघ हा सहाराचा भाला दांड्यासकट लोखंडाचा आणि पितळ-तांब्याने सजवलेला असतो. भारतातल्या अखंड लोखंडी सांगेशी त्याची गल्लत सहज होते. काँगोतल्या तोपोके लोकांचे 'लिगांडा' हे माणसाच्या उंचीचे पाते लढाईचे नसून वधूमूल्यात आणि मोठ्या देवघेवीत चालणारे लोखंडी धन होते. सोमाली 'वरान' हलका आणि साधा असतो. इथियोपियात अम्हारिक 'तोर' या एकाच शब्दाने भाला आणि लढाई दोन्ही सांगितले जाते.

यांपैकी कोणता भाला सुरतेच्या बाजूला येण्याची शक्यता किती, हे वाटांवर अवलंबून आहे, आणि या वाटा सिद्द्यांच्या वाटेपेक्षा पुष्कळ अलीकडच्या आहेत. सर्वांत रुळलेली वाट व्यापाऱ्यांची. दीव, दमण आणि सुरतेचे कापड मोझांबिकला पोर्तुगीज काळापासून जात होते. निळीत रंगवलेले 'कनिकी' हे भारतीय कापड झांझिबारच्या बाजारात चालत असे. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग स्वखर्चाने तिकीट काढणारे 'पॅसेंजर' व्यापारी गेले. सुरत शहरापलीकडचे रांदेर, कठोर आणि आसपासची गावे या व्यापाऱ्यांची माहेरघरे होती. झुलू भाला सुरत जिल्ह्यात सापडला, तर हीच वाट आधी धरावी. १८७९ च्या झुलू युद्धानंतर झुलू शस्त्रांना गोऱ्या गिऱ्हाईकांत मागणी आली आणि लढाईत कधीच न गेलेले भाले विक्रीसाठी घडू लागले, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा युगांडा रेल्वेमार्ग १८९६ ते १९०१ मध्ये बांधला गेला. त्यासाठी सुमारे ३२ हजार भारतीय मजूर नेले होते. रुळांच्या मागे दुकाने गेली. स्वाहिलीतला 'दुका' हा आपलाच दुकान शब्द. या दुकानांत विकल्या जाणाऱ्या मालात लोखंडी तार महत्त्वाची होती. मसाई मुलखातल्या लोहारांना आयात तार मिळू लागली, तशी पाती लांब करणे परवडू लागले. म्हणजे पात्याचा कच्चा माल विकणारा गुजराती, आणि पुढे तेच पाते आठवण म्हणून गावी नेणाराही गुजराती, असे वर्तुळ पूर्ण होऊ शकते. शेवटचा मोठा लोंढा १९७२ चा. त्या ऑगस्टमध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला फर्मावले. ज्यांना सोने नेता आले नाही, त्यांच्या सामानात लांबलचक भाला आला असेल, ही शक्यता कमी. युगांडातून आलेला म्हणून दाखवला जाणारा भाला त्याआधीच्या एखाद्या सुट्टीत गावी आला असण्याची शक्यता अधिक.

दुसरी वाट शिपायांची, आणि मराठी घरांच्या बाबतीत ती व्यापाऱ्यांच्या वाटेपेक्षा मोलाची. मुंबई सैन्याच्या पलटणींत कोकण-दख्खनचे मराठे, महार, मुसलमान आणि बेने इस्रायल होते. १८६७-६८ मध्ये मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश सेनापती नेपियरच्या फौजेने इथियोपियात मकडाला जिंकले. १३ एप्रिल १८६८ ला गड पडला आणि लुटीचा छावणीतच लिलाव झाला. या फौजेबरोबर मुंबईहून ४४ हत्तीही गेले होते. १८८५ मध्ये सुदानच्या सुवाकिन बंदरावर गेलेल्या भारतीय ब्रिगेडमध्ये २८ वी मुंबई पलटण होती, आणि २२ मार्चला तोफ्रेक इथे तिच्यावर बेजा भालाइतांचा हल्ला झाला. १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण लढली. केरेन २७ मार्चला पडले. या तिन्ही मोहिमांतून भाले घरी येणे शक्य होते. पुरावा म्हणून घरातल्या आजोबांच्या गोष्टीपेक्षा पेटीतले पदक जास्त बोलते. १८६८ च्या ॲबिसिनिया पदकावर शिपायाचे नाव असे. १८८५ च्या पदकाच्या पट्टीवर सुवाकिन आणि तोफ्रेक ही नावे येत. दुसऱ्या महायुद्धातला आफ्रिका स्टार भारतीय शिपायांना नाव कोरून दिला गेला. पदकाचे साल, पलटणीचा मुक्काम आणि पात्याची घडण ही तिन्ही एका ठिकाणी जुळली, तर भाल्याचा मुलूख आणि कालखंड बऱ्यापैकी पक्का होतो. जुळली नाहीत, तर बहुधा गोष्ट एकाची आणि भाला दुसऱ्याचा असतो.

वय ठरवताना लोखंड हा जितका चांगला साक्षीदार वाटतो तितका तो नसतो. अल इद्रीसी या अरब भूगोलकाराने ११५४ च्या सुमारास नोंदवले आहे की सोफाला आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे लोखंड भारतात जात असे आणि इथल्या कारागिरांच्या हाती त्याचे मोल वाढत असे. एकोणिसाव्या शतकात प्रवाह उलटला: युरोपचे पट्टीलोखंड आणि तार मुंबईमार्गे झांझिबारला जाऊ लागली. तेव्हा आफ्रिकी पात्यातले लोखंड आफ्रिकेचेच असेल, असे नाही. कोळशाच्या छोट्या भट्टीत गाळलेल्या जुन्या लोखंडात मळीचे बारीक धागे राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, आणि कधी गंजामुळे नुसत्या डोळ्यांनाही लाकडाच्या रेषांसारखे थर जाणवतात. कारखान्यातल्या पोलादात असे धागे नसतात आणि १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतरच्या पोलादात मँगनीज ठरावीक प्रमाणात आढळते. क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्राने हे मँगनीज पाते न कापता मोजता येते. सुरतेच्या सराफ्यात अशी यंत्रे सोन्याचा कस पाहण्यासाठी वापरतात; पण ती सोन्यासाठी जुळवलेली असतात, लोखंडाच्या बाबतीत त्यांच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. विसाव्या शतकात मोटारगाडीच्या पाट्यांपासूनही पाती घडली. मसाई पाते अशा पोलादाचे निघाले म्हणून ते बनावट ठरत नाही. ते जुने नाही एवढेच ठरते.

दांड्याच्या लाकडावर किरणोत्सारी कार्बनची चाचणी करण्याचा विचार सुचतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. अडचण अशी की साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडाचे नेमके वर्ष या पद्धतीने सांगता येत नाही, वातावरणातल्या कार्बनचा आलेख त्या काळात फार वळणे घेतो. आणि वारशाचे बहुतेक भाले याच काळातले. एक गोष्ट मात्र ती छान सांगते. १९५० च्या दशकापासून अणुस्फोटांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला, १९६३ च्या आसपास शिगेला पोचला. त्यानंतर वाढलेल्या झाडाचे लाकूड लगेच उघडे पडते. पण दांडा बदललेला असू शकतो. पिढ्यान् पिढ्या वापरात असलेल्या भाल्याचा दांडा बदललेला नसेल, तर तेच नवलाचे. चाचणीचा खर्च करण्याआधी खुंटाभोवतीचे लाकूड जळलेले आहे का, कातड्याखाली जुन्या आवळणीचा ठसा आहे का, नळीतला गंज लाकडात शिरला आहे का, हे पाहावे.

स्वस्त आणि खात्रीच्या खुणा किरकोळ जागी असतात. आवळणीची तार ॲल्युमिनियमची असेल तर ती सहसा विसाव्या शतकाच्या मागे जात नाही. पितळी तारेच्या जाडीत सारखेपणा असेल तर ती यंत्रातून ओढलेली आहे, जी एकोणिसाव्या शतकातही मिळत होती, म्हणून त्यावर फार भिस्त नको. रंगीत प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली टेलिफोनची तार झुलू हस्तकलेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिरली. पात्याच्या कडेला एकसारख्या समांतर ओरखड्यांची रांग म्हणजे विजेवरचा ग्राइंडर. आणि भाल्याचे तीन तुकडे आटे फिरवून सुटे होत असतील, तर तो प्रवाशाच्या पेटीत मावावा म्हणून बनवलेला नैरोबी-मोंबासाच्या बाजारातला माल आहे, वंशपरंपरेची हकिकत कितीही रसाळ असो. तोही आता काही घरांत दोन पिढ्यांचा झाला आहे, त्यामुळे 'आजोबांनी आणला' हे वाक्य खरे असू शकते.

पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी वस्तूला सर्वांत मोठा धोका गंजाचा नसून गंज काढणाऱ्याचा आहे. शेजारच्या कार्यशाळेत बफिंगचे चाक आहे, रंगाईच्या गिरण्यांत आम्लाचे आणि कॉस्टिकचे पिंप आहे. एका दुपारी भाला आरशासारखा चकचकीत होतो. त्याबरोबर महदी काळातला आम्लाने उठवलेला लेख, थरांच्या रेषा, घणाचे ठसे आणि दांड्याच्या सांध्यातला पुरावाही जातो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, पाते हाताने न धरता कापडाने धरावे, आवळणीच्या कातड्याला तेल लावू नये, आणि सुरतेच्या पावसाळ्यात भाला भिंतीला न टेकवता कोरड्या जागी आडवा ठेवावा. एकूण लांबी, पात्याची लांबी आणि सर्वांत रुंद जागा, नळीचा व्यास, वजन आणि तोलबिंदू दांड्याच्या बुडापासून किती अंतरावर येतो, इतक्या नोंदी असल्या की छायाचित्रांसह संग्रहालयातला जाणकार बरेच काही सांगू शकतो. सुरतेचे १८९० मध्ये सुरू झालेले आणि आधी विंचेस्टर नावाने ओळखले जाणारे सरदार पटेल संग्रहालय, बडोद्याचे संग्रहालय आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ही जवळची ठिकाणे आहेत. तुलनेसाठी ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने दक्षिण सुदानच्या वस्तूंची छायाचित्रे आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

अशा तपासणीनंतर नीट लिहिलेल्या नोंदीत माणसाचे नाव शेवटी आणि मुलूख आधी येतो: सुदानचा लाल समुद्राकाठ, बेजा समाज, पाते १८८० ते १९००, दांडा नंतरचा, २८ व्या मुंबई पलटणीतील शिपायाच्या वंशजांकडून. एकच साल देण्याऐवजी कालखंड दिला जातो, आणि पाते, दांडा, आवळणी यांची वये वेगवेगळी लिहिली जातात. कायद्याच्या दृष्टीने १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमोल कलावस्तू कायद्याखाली येते, तेव्हा खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. आवळणीत घोरपडीचे कातडे किंवा हस्तिदंत असेल, तर त्याच वर्षीचा वन्यजीव संरक्षण कायदा विक्रीच्या आड येतो. लांब पात्याचे भाले १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत धारदार शस्त्रांत मोडतात, म्हणून मिरवणुकीत मिरवण्यापेक्षा तो घरात, वर सांगितलेल्या नोंदीच्या कागदासह ठेवणे सोयीचे.